सैल मोजे

१ फेब्रुवारी

एक दुपार सारखी आठवते आहे. लग्नाला चार महिने झाले असतील. दुकानात गिऱ्हाईक नाही, हे कुणाच्या तरी कोटाचं अस्तर टाचत बसले आहेत आणि मी स्टुलावर बसून यांना पेपर वाचून दाखवते आहे. यांच्या ओठांत ओळीनं टाचण्या, त्यामुळे प्रत्येक बातमीला एकच उत्तर: "हं." पूर आला, हं. मंत्री बदलला, हं. मग मी त्याच आवाजात वाचलं, "टेलरमास्तर अस्तरात गुंग, बायको सकाळपासून उपाशी." "हं," म्हणाले. आणि मग अर्थ डोक्यात शिरला तसे डोळे हे एवढे झाले. हसायची सोय नव्हती. हातानंच 'थांब' म्हणाले, एकेक टाचणी काढून टाचणीच्या उशीत टोचली, अगदी शेवटची टोचून झाली आणि मग पोट धरून हसले.

आज वनस्पतींच्या वर्गात सरांनी कागदावर रोपं टाचायला टाचण्या दिल्या, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

हा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी भरतो. सर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. आम्ही अकरा जण, बहुतेक केस पिकलेले. फॉर्मवर प्रश्न होता: 'औषधी वनस्पती का शिकायच्या आहेत?' मी लिहिलं, 'स्वतःची आवड.' शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोटं लिहिताना अक्षर आपोआप बिघडतं. माझं तर छान वळणदार आलं.

खरं कारण डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात सांगितलं. यांची दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. सांभाळलं तर वर्षभर तरी असंच निभेल, मग यंत्राला जोडावं लागेल. "आणि नाही निभलं तर?" मी विचारलं. त्या पोरीनं (आमच्या लेकीहून लहानच असेल) माझ्याकडे न बघता छापील यादी पुढे केली. काय खायचं नाही त्याची. पाणी दिवसाला मोजून एक बाटली.

मी यादी फ्रिजवर चिकटवली आहे. मला यादी दिली की मी पाळते. पण नुसतं 'हे नको, ते नको' पाळून माणूस बरा होत नाही. काहीतरी द्यायलाही हवं ना.

८ फेब्रुवारी

सरांचा नियम: पहिलं वर्ष जिभेला कुलूप. फक्त बघायचं, हुंगायचं, चित्र काढायचं, वाळवायचं. चाखायचं नाही आणि कुणाला द्यायचं तर मुळीच नाही. निवृत्त पोस्टमास्तर हात वर करून म्हणाले, "सर, मग बायकोला काय सांगू? इतके दिवस काय शिकलो?" सर म्हणाले, "सांगा, गप्प बसायला शिकलो. ती जास्त खूश होईल."

आज दोन रोपं शेजारी ठेवली. दोन्ही जमिनीलगत पसरलेली, लालसर देठांची, जुळ्या बहिणी म्हणाव्या अशी. एक घोळ, खायची. दुसरी विषारी. ओळख अशी की देठ मोडायचा: चीक निघाला की ती वाईट, नाही निघाला की घोळ. मी पाच वेळा डोळे मिटून उचललं, मोडलं आणि पाचही वेळा बरोबर ओळखलं. सर म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे." इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. आमच्या घरात चांगला हात म्हणजे यांचा.

घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "मॅडम आता मला रिटायर करणार." लग्न झालं तेव्हापासून मी कॉन्व्हेंटवाली म्हणून 'मॅडम'.

पाय उशीवर होते. मोज्यांच्या वर मांसाची वळी आली होती. मी बघते आहे असं दिसल्यावर पांघरूण ओढून घेतलं.

११ फेब्रुवारी

मागच्या अंगणात नळापाशी, फरशीच्या फटींतून घोळच घोळ उगवली आहे. इतकी वर्षं मी हीच उपटून फेकत होते!

रद्दीवाल्याकडून आणलेल्या जुन्या पुस्तकात दिलंय: घोळीचा काढा, लघवी साफ, अंगावरची सूज उतरते. तीनदा वाचलं. मग फ्रिजवरची यादी बघितली. केळी, बटाटे, टोमॅटो, पालक, सुकामेवा. वरून खाली बोट फिरवत गेले. घोळ नाही. यादीत नाही म्हणजे चालतं.

सरांचं कुलूप आठवलं. पण सर ते पोस्टमास्तरांसारख्यांसाठी म्हणाले असणार.

१६ फेब्रुवारी

आज पहिला कप दिला. एक मूठ घोळ, प्रत्येक देठ मोडून पाहिला, चीक नाही. उकळून गाळली आणि वास झाकायला वर पुदिना. "वर्गात शिकवलेला पुदिन्याचा चहा आहे," मी म्हणाले.

यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं हिरवी झाली होती, मी पदरात लपवली.

"पुदिना?"

"हो. वेगळ्या जातीचा."

"बरं," म्हणाले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. कप खाली ठेवून तोंड पुसलं. "मॅडम, चव जरा दुरुस्तीला टाकायला हवी. पण दे रोज."

१९ फेब्रुवारी

रोज चार वाजता देते. आग्रहसुद्धा करावा लागत नाही, स्वतःच हाक मारतात, "मॅडम, चहा." आणि किती शिस्तीचा माणूस! बाटलीत संध्याकाळी कपभर पाणी शिल्लक असतं. डॉक्टरांनी दिलेलं तेवढंही पीत नाहीत. मी म्हटलं, "अहो, घसा कोरडा पडला असेल, घ्या की तेवढं." तर म्हणाले, "माझं झालं प्यायचं."

२२ फेब्रुवारी

वर्गाहून आले तर हे खिडकीशी बसून सुई ओवत होते! दुकान बंद केल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, यांनी सुई हातात धरली नव्हती. काय शिवताय विचारलं तर कापड मांडीखाली सारून म्हणाले, "काही नाही गं, बटण." मला रडूच आलं. आत जाऊन ओट्याशी रडून घेतलं. अंगात जोर आल्याशिवाय माणूस सुई धरतो का?

२४ फेब्रुवारी

मोजे सैल झाले!

सकाळी यांनीच पाय पुढे करून दाखवलं. "बघ, तुझ्या चहाचा प्रताप." मोज्याच्या काठात माझी दोन बोटं सहज गेली. पूर्वी काठाचा वळ उठायचा. घोटे मला अजून जाडच वाटले, पण मोजा काही खोटं बोलत नाही.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचारलंस का काय देतेस ते?" म्हटलं, "पुदिना गं, पुदिन्याला काय विचारायचं?" ती म्हणाली, "बाबांना दे." हे तिच्याशी बराच वेळ नुसते "हं, हं" करत होते. शेवटी म्हणाले, "तिला बरं वाटतंय, असू दे." कुणाबद्दल ते कळलं नाही. लेकीच्या सासूची तब्येत नरम आहे, तिच्याबद्दल असेल.

३ मार्च

काजवाली भेटायला आली होती. दुकानात वीस वर्षं काज-बटणाचं काम तिनं केलं. दारातूनच ओरडली, "मास्तर, चेहरा का असा शिळ्या पावासारखा फुगलाय?" मी रागावले. सूज उतरते आहे म्हटलं, मोजे दाखवले. तिनं मोजा हातात धरून काठावर अंगठा फिरवला, यांच्याकडे पाहिलं. यांनी मान किंचित हलवली. "हो वहिनी, सैल आहे खरा," म्हणाली आणि लगेच जायला उठली. चहासुद्धा घेतला नाही.

ती गेल्यावर जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी निघाल्या. त्या शाळेच्या हेडबाईंचा ब्लाउज दर वर्षी बोटभर वाढायचा, पण हे मापं मोठ्यानं कधी बोलले नाहीत. शिवणीच्या आत गुपचूप दाबाचं कापड जास्त ठेवायचे, पुढच्या वर्षी उसवून देता यावा म्हणून. बाई खूश, आपण होतो तशाच आहोत. मी म्हटलं, "तुम्ही खोटारडेच होतात की." म्हणाले, "माणसाला लाजवून कपडा बसत नाही."

दोन जिने चढल्यासारखा श्वास लागला होता एवढं बोलताना.

१४ मार्च

दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी यांच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला, तो भरेचना. मी म्हणाले, "पण मोजे सैल झालेत." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रक्त घेतलं, अहवाल सोमवारी.

मग विचारलं, "यादीबाहेरचं काही देताय? काढा, चूर्ण, कुणी सांगितलेलं काही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "नाही. ही यादी पाठ म्हणते, डॉक्टर. कॉन्व्हेंटची आहे."

यांना बिचाऱ्यांना पुदिनाच वाटतो. यांचं काय चुकलं? गप्प मी बसले. रिक्षात यांनी माझा हात हातात घेतला. घोळीच्या डागाच्या बोटावर अंगठा फिरवत राहिले.

१५ मार्च



वर्ग संपल्यावर सरांना म्हटलं, "सर, एक शेजारी आहेत, मूत्रपिंडाचे रोगी. त्यांना घोळ दिली तर?"

सरांनी चष्मा काढला. "दिली तर, का दिली आहे?"

"... दिली आहे."

"शेजाऱ्यांना सांगा, आज बंद. घोळीत पोटॅशियम भरलेलं असतं. तुम्हाआम्हाला काही नाही, आपली मूत्रपिंडं बाहेर टाकतात. त्यांची टाकत नाहीत. ते साठतं आणि हृदय बंद पाडतं. डॉक्टरला आजच सांगायला सांगा."

"पण यादीत नव्हती, सर."

"यादीत जगातलं सगळं गवत कसं लिहिणार, बाई?"

पाच वेळा डोळे मिटून ओळखली होती मी. विषारी कुठली, बरी कुठली. कुणाला, हे विचारायचंच राहिलं.

घरी आले तर हे खुर्चीत वाट बघत. "चहा नाही आज?"

"पुदिना संपला."

"नळापाशी आहे की अजून," म्हणाले.

मी मागे गेले आणि एकूण एक रोप उपटलं, फटी चाकूनं खरवडल्या. नळापाशी पुदिना कधीच नव्हता. यांना मी तिथे वाकलेली दिसले असेन.

१६ मार्च

डॉक्टरीणबाईंचा नंबर दोनदा लावला, दोनदा ठेवून दिला. रविवार आहे, उद्या अहवाल येणारच आहे. देणं तर बंद केलं आहे. असं स्वतःला सांगते आहे.

१७ मार्च

सकाळी नऊला दवाखान्यातून फोन, आत्ताच्या आत्ता आणा. हे भिंत धरून जिन्यापर्यंत आले आणि खाली बसले. म्हणाले, "छातीत शिलाई मशीन अडखळल्यासारखं होतंय."

सगळं सांगितलं मी डॉक्टरीणबाईंना. कॉरिडॉरमध्ये, उभ्यानं. किती मुठी, किती दिवस, पुदिना कशाला. त्या म्हणाल्या, "काकू, परवा विचारलं होतं मी..." आणि आत धावल्या.

कबूल केलं की हलकं वाटतं असं सिस्टर सांगायच्या. अजिबात वाटत नाही.

२१ मार्च

यंत्राला जोडलं आहे. पोटॅशियम खाली आलं, पण हृदय थकलं आहे म्हणतात. वर्षभर निभेल म्हणाल्या होत्या. ते वर्ष आता कुणी बोलत नाही.

यांच्याजवळ बसून सांगितलं, "मी तुम्हाला पुदिना म्हणून दुसरंच पाजलं. माझ्यामुळे झालं हे."

डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "काय केलंस एवढं? चहा दिलास."

यांना समजलंच नाही मी काय सांगते आहे ते. पुन्हा सांगायचं धैर्य झालं नाही.

५ एप्रिल

घरी आणलं. आठवड्यातून तीनदा यंत्र. लेक आली आहे, माझ्याशी बोलते पण डोळ्याला डोळा देत नाही. वर्ग सोडला. सरांनी दिलेली रोपं दाबायची चौकट, वाळलेली रोपं, सगळं पलंगाखाली सरकवलं.

मी पेपर वाचते, हे "हं" म्हणतात. तोंडात टाचण्या नाहीत, तरी तेवढंच.

९ एप्रिल

आज वाचता वाचता म्हटलं, "टेलरमास्तर अस्तरात गुंग..." "हं" आलं नाही. मान वर केली तर माझ्याकडेच बघत होते. हसू यायला वेळ लागला, पण आलं. मोठ्यानं नाही.

१७ एप्रिल

पहाटे गेले. झोपेतच.

२६ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढ्यामुळेच असं मी म्हणणार नाही. हृदय आधीच दमलेलं होतं. काढ्यामुळे नाहीच, असंही म्हणता येत नाही." चांगली पोर आहे, खोटं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं का, ठरवता येत नाही.

३ मे

लेकीनं यांचं कपाट आवरायला घेतलं. मोज्यांची जोडी हातात घेऊन माझ्याकडे आली. "आई, हे बघितलंस?"

दोन्ही मोज्यांचा काठ आतल्या बाजूनं उसवलेला. मध्ये त्रिकोणी कळी बसवलेली, त्याच रंगाच्या कापडाची. टाके इतके बारीक की बोटालाही लागू नयेत. मोजे सैल झाले नव्हते. सैल केले होते.

मग तिनं कपाटाचं दार पूर्ण उघडलं. आतल्या बाजूला शिवणकामाच्या पांढऱ्या खडूनं रकाने. रोजची तारीख, डावा घोटा, उजवा घोटा, गिऱ्हाइकाचं माप लिहावं तसं. १ फेब्रुवारीला साडेनऊ, साडेनऊ. १४ मार्चला पावणेअकरा, अकरा. आणि १६ फेब्रुवारीपासून प्रत्येक ओळीपुढे एक इवलंसं पान काढलेलं, आणि त्यापुढे 'पाणी १ कप कमी'. अगदी पहिल्या दिवसापासून. १५ मार्चला पान नाही. तिथे नुसती आडवी रेघ आहे, त्याखाली काही लिहिलेलं नाही.

माप रोज वाढताना बघत होते. आणि रोज चार वाजता हाक मारत होते, मॅडम, चहा.

लेक म्हणाली, "मला बाबा फोनवर म्हणाले होते, तिला बरं वाटतंय, असू दे. मी ओरडायला हवं होतं, आई. मीही गप्प बसले." मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तशीच उभी राहिले. माझं रडणं कुठे अडकलं आहे कोण जाणे.

अहो, एकदा तरी लाजवायचं होतं मला. वाडगाभर लाज मी खुशाल प्यायले असते.

१० मे

आज शनिवार. वर्गाला गेले नाही, जाणारही नाही. लेक उद्या परत जाईल. घर लहान करायचं आहे. तिला वाचता यावं म्हणून इथेच लिहून ठेवते, कुणाला काय द्यायचं ते.

शिलाई मशीन काजवालीला. पट्टा नवा घालून द्यावा. तिनं मोज्यावर अंगठा फिरवला तेव्हाच ओळखलं होतं. तिला त्याबद्दल कुणी काही बोलू नये, ती मास्तरांचं ऐकणारी बाई आहे.

मोठी कात्री लेकीला. तिनं त्या कात्रीनं कागद कापू नयेत, बाबा रागवायचे.

मापाची टेप मला.

रोपं दाबायची चौकट आणि जुनं पुस्तक सरांना. पुस्तकातलं घोळीचं पान मी फाडलेलं नाही, समासात लिहिलं आहे. माझी वर्गातली वहीही सरांना द्यावी. तिच्या पहिल्या पानावर, सुवाच्य अक्षरात, घोळीचं चित्र आहे आणि खाली कुणाला देऊ नये ते लिहिलं आहे, आणि एका टेलरमास्तरांना मी ती सत्तावीस दिवस दिली हेही. नव्या वर्गाला पहिल्या शनिवारी सरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवावं. नाव विचारलं तर सांगावं, शेजारी नव्हे, नवरा होता.

बरण्यांमधलं वाळलेलं सगळं फेकून द्यावं. पुदिनासुद्धा.

मोजे कुणाला द्यायचे नाहीत, ते माझ्याबरोबर जातील.

बाकी कपडे गरजूंना. प्रत्येक शर्टाच्या आत दाब सोडलेला आहे, जाड माणसालाही उसवून बसेल, हे घेणाऱ्याला सांगावं.

कपाट विकू नये. माझ्यानंतर लेकीकडे जावं. बाहेरून पुसलं तरी चालेल. आतल्या दाराला ओला फडका लावू नये.